ताबा, नोंद आणि दाद : गाविलगडापासून बिटकॉइनपर्यंत मालकीची गोष्ट

चिखलदऱ्याला सहल नेणारे शिक्षक मुलांना गाविलगड दाखवतातच. तट, तोफा आणि तलाव पाहून झाले की १५ डिसेंबर १८०३ ची लढाई सांगितली जाते. ऑर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी उत्तरेकडच्या बाहेरील तटाला तोफांनी खिंडार पाडले. आतला तट मात्र अजून उभा होता. कॅप्टन कॅम्पबेल यांच्या तुकडीने शिड्या लावून तो ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. दरवाजा उघडताच किल्ला पडला. गोष्ट सहसा इथे संपते. पण मालकी म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगायचे असेल तर तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

अवघ्या दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. त्यात नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी कटक, बालासोर आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, पण गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले आसपासच्या प्रदेशासह त्यांच्याकडेच राहिले. म्हणजे ज्यांनी रक्त सांडून दरवाजा उघडला, त्यांना तो किल्ला कागदाने परत द्यावा लागला. पुढे १८२२ च्या तहाने हाच भाग निजामाकडे गेला. त्या वेळी ना तोफ डागली गेली, ना शिडी लागली. मालक बदलला तो नोंद बदलल्यामुळे.

वऱ्हाडच्या इतिहासात असे पुन्हा घडले. १८५३ मध्ये हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या काळात तो वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आला. कारभार इंग्रजांचा आणि सार्वभौमत्व नावापुरते निजामाचे, अशी स्थिती स्वातंत्र्यापर्यंत टिकली. एकाच भूमीबाबत 'ही कोणाची?' या प्रश्नाला दोन उत्तरे होती, आणि दोन्ही कागदावर खरी होती.

या उदाहरणांतून आपण मालकीचे तीन घटक वेगळे काढू शकतो. पहिला ताबा : वस्तू प्रत्यक्षात कोणाच्या हातात आहे? दुसरा नोंद : ती कोणाची आहे असे सर्वांना मान्य असलेल्या दप्तरात लिहिले आहे? तिसरा दाद : ताबा आणि नोंद यांत विसंगती आली, चोरी झाली किंवा चूक झाली, तर कोणाकडे जायचे? आज वृत्तपत्रांत 'कूटचलन', 'आभासी चलन', 'बिटकॉइन' हे शब्द वारंवार येतात. वरच्या वर्गातले विद्यार्थी त्याविषयी विचारतात आणि गावातले पालकही विचारतात. या चलनाची मालकी म्हणजे नेमके काय, हे या तीन घटकांच्या आधारे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

हुंडीची पेढी

नाण्याची मालकी सोपी असते. ते ज्याच्या मुठीत, त्याचे. पण नाणे जड असते आणि वाटेत लुटले जाते. म्हणून व्यापाऱ्यांनी हुंडी वापरात आणली. अमरावती आणि खामगाव या कापसाच्या मोठ्या बाजारपेठा. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, वऱ्हाडी कापसाला मागणी आली आणि १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. अशा व्यापारात रोख रुपयांच्या थैल्या गावोगाव नेण्यापेक्षा एका पेढीने दुसऱ्या पेढीवर लिहिलेली चिठ्ठी सोयीची होती.

हुंडीचे शास्त्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी, ठरावीक मुदतीनंतर द्यायचे ती मुदती. जिच्यावर नाव असेल त्या धन्यालाच पैसे मिळतील ती धनीजोग, तर बाजारातल्या पतदार 'शाह'मार्फतच वटेल ती शाहजोग. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला 'पैठ' म्हणत. तीही हरवली तर 'परपैठ'. आणि पैसे देऊन झाले की ती हुंडी रद्द होऊन 'खोखा' ठरे, म्हणजे तिच्यावर पुन्हा पैसे मागता येत नसत.

खोखा ही कल्पना लक्षात ठेवू. कागदावरच्या पैशाचा मूळ प्रश्न तिच्यात आहे. नाणे एकदा दिले की हातातून जाते, ते दुसऱ्यांदा देता येत नाही. आकड्यांचे तसे नाही. आकड्याची नक्कल करायला काहीच खर्च येत नाही. मग तीच रक्कम दोघांना दिली जाणार नाही याची खात्री कोणी द्यायची? हुंडीच्या बाबतीत ती पेढीने दिली, बँकेच्या बाबतीत बँकेच्या खातेवहीने. १९९६ मध्ये मुंबईत नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी सुरू झाली आणि कंपन्यांच्या भागांची कागदी प्रमाणपत्रे हळूहळू नाहीशी झाली. तेव्हापासून भागधारकाच्या हातात काहीच नसते, असते ती फक्त डिपॉझिटरीच्या दप्तरातील नोंद. आज आपण फोनवरून यूपीआयने पैसे पाठवतो तेव्हाही एका बँकेच्या वहीत वजाबाकी आणि दुसरीच्या वहीत बेरीज होते, एवढेच.

या सर्व व्यवस्थांत एक गोष्ट समान आहे : वही कोणीतरी एकजण सांभाळतो आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

वही सर्वांची, किल्ली एकट्याची

वही सांभाळणारा मधला माणूस काढून टाकता येईल का? हा प्रश्न गणितज्ञांना आणि संगणकशास्त्रज्ञांना अनेक वर्षे सतावत होता. उत्तर एका दिवसात सापडले नाही. ते टप्प्याटप्प्याने जुळत गेले.

१९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दोन किल्ल्यांची कल्पना मांडली : एक जाहीर, एक खासगी. खासगी किल्लीने केलेली 'सही' कोणीही जाहीर किल्लीने तपासू शकतो, पण जाहीर किल्लीवरून खासगी किल्ली काढता येत नाही. हे कसे शक्य होते, याचे लहान रूप वर्गात करून दाखवता येते. ३ चे घात काढत जा आणि प्रत्येक वेळी १७ ने भागून बाकी लिहा. ३, ९, १०, १३, ५, १५, ११, १६, १४, ८, ७, ४, १२, २, ६, १ अशा बाक्या मिळतात. आता मुलांना विचारा : बाकी १२ आली, तर घातांक कोणता? उत्तर १३. पण ते काढायला क्रमात काही नियमितता दिसत नाही, एकेक पायरी मोजावी लागते. १७ च्या जागी पुरेशी प्रचंड संख्या असेल तर पुढे जाणे सोपे राहते आणि मागे येणे जगातल्या सर्व संगणकांनाही शक्य होत नाही. बिटकॉइनमध्ये साध्या घातांऐवजी लंबवर्तुळीय वक्रांचे गणित वापरतात, जे नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर यांनी १९८५ च्या सुमारास स्वतंत्रपणे सुचवले. तत्त्व मात्र हेच.

दुसरा टप्पा १९९१ चा. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी दस्तऐवजांवर तारखेचा शिक्का असा मारायचा की तो नंतर बदलता येणार नाही, यासाठी एक युक्ती सुचवली. प्रत्येक दस्तऐवजाचा एक अंकीय ठसा काढायचा आणि तो ठसा पुढच्या नोंदीत गुंफायचा. मधले एक अक्षर बदलले तरी त्याचा ठसा बदलतो, मग पुढच्या नोंदीचा, मग तिच्या पुढच्या. खाडाखोड लपत नाही. आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, आठवा. तिथेही प्रत्येक बदलाला क्रमांक असतो आणि सातबाऱ्यावर त्या क्रमांकाचा उल्लेख येतो, म्हणून जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे मागे मागे जात शोधता येते. फरक असा की तलाठ्याच्या वहीचे रक्षण शासनाचा कायदा करतो आणि या साखळीचे रक्षण गणित करते.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक नऊ पानी टिपण प्रसिद्ध झाले. हे नाव धारण करणारी व्यक्ती किंवा गट कोण, हे आजवर सिद्ध झालेले नाही. या टिपणाने आधीचे सुटे भाग जोडले. वही एकाकडे न ठेवता जगभरच्या हजारो संगणकांवर तिच्या सारख्याच प्रती ठेवायच्या. साधारण दर दहा मिनिटांनी नव्या व्यवहारांचा एक गठ्ठा वहीला जोडायचा. जोडण्याचा मान त्याला, जो एक कष्टाचे अंककोडे आधी सोडवेल, आणि मोबदला म्हणून त्याला नवी नाणी मिळतील. जुनी नोंद बदलू पाहणाऱ्याला तिच्यानंतरची सगळी कोडी पुन्हा सोडवावी लागतील, तीही बाकीच्यांपेक्षा वेगाने. ३ जानेवारी २००९ रोजी पहिला गठ्ठा तयार झाला. २२ मे २०१० रोजी अमेरिकेत एकाने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले. या चलनाने झालेल्या वस्तूच्या पहिल्या खरेदीपैकी ही एक.

एकूण बिटकॉइन किती होणार, हे तर दहावीच्या मुलांना गणितश्रेणीवरून आणि किंचित पुढे जाऊन काढता येते. पहिल्या २,१०,००० गठ्ठ्यांना प्रत्येकी ५० नाणी, पुढच्या तितक्याच गठ्ठ्यांना २५, मग १२.५, अशी निमपट होत जाते. पहिल्या टप्प्यात १ कोटी ५ लाख, दुसऱ्यात त्याच्या निम्मी. सगळी बेरीज २ कोटी १० लाखांच्या जवळ जाते, पण ती ओलांडत नाही. एप्रिल २०२४ पासून हा मोबदला गठ्ठ्यामागे ३.१२५ आहे.

मग मालकाच्या हातात काय असते?

नवशिक्याचा सर्वांत मोठा गैरसमज इथे होतो. 'माझ्या फोनमध्ये बिटकॉइन आहे' असे लोक म्हणतात. फोनमध्ये नाणे नसते. नाणे म्हणजे वहीतली नोंद, आणि वही सर्वांकडे असते. फोनमध्ये, किंवा कागदावर, असते ती खासगी किल्ली. ज्याला 'वॉलेट' म्हणतात तो बटवा नाही, तो किल्ल्यांचा जुडगा आहे. जाहीर किल्लीपासून तयार झालेला 'पत्ता' घरावरच्या पाटीसारखा. तो कोणालाही द्यावा, त्यावर पैसे येतात. खासगी किल्ली मात्र कोणालाच दाखवायची नसते, कारण तिच्या सहीनेच पैसे जातात.

खासगी किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या. ती लिहून ठेवताना चूक होऊ नये म्हणून २०१३ मध्ये एक पद्धत रूढ झाली : २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून बारा किंवा चोवीस शब्द. २०४८ म्हणजे २ चा अकरावा घात, म्हणून प्रत्येक शब्द अकरा द्विमान अंक सांभाळतो. बारा शब्दांत १३२ अंक बसतात. त्यांतले चार लिहिण्यातली चूक पकडण्यासाठी, उरलेले १२८ गुपितासाठी. हे बारा शब्द ज्याला कळले, त्याला सर्व काही मिळाले. आणि हे शब्द हरवले, तर पैठ नाही, परपैठही नाही.

मेळघाटाच्या डोंगरात रेंज येते-जाते आणि पावसाळ्यात वीज जाते. त्याने या मालकीला धक्का लागत नाही. बारा शब्द लिहिलेला कागद पेटीत कोरडा राहिला, तर दहा वर्षांनी दुसऱ्या यंत्रावर तेच शब्द टाकून तीच नोंद वापरता येते. पण तो कागद भिजला, उंदराने कुरतडला किंवा मालक कोणालाही न सांगता वारला, तर नोंद वहीत जशीच्या तशी दिसत राहते आणि तिला हात कोणालाच लावता येत नाही. वारसाने मृत्यूचा दाखला दाखवायचा तरी कोणाला? तिथे खिडकीच नाही.

ताबा आणि नोंद यांना गणिताने इतके घट्ट बांधले की तिसऱ्या घटकाला, दाद मागण्याला, जागाच उरली नाही. हे या व्यवस्थेतले न्यून नव्हे, ते तिचे मूळ उद्दिष्टच होते. जिथे कोणी नोंद बदलू शकत नाही, तिथे चुकीची नोंदही कोणी दुरुस्त करू शकत नाही.

दुसऱ्याच्या हातातली किल्ली

पुष्कळ लोक किल्ली स्वतःकडे ठेवत नाहीत. ते 'एक्स्चेंज' म्हणवणाऱ्या कंपनीत खाते उघडतात. अशा वेळी खातेदाराकडे बिटकॉइन नसते. असतो तो कंपनीवरचा हक्क, जुन्या पेढीवरच्या ठेवीसारखा. किल्ली कंपनीची, सार्वजनिक वहीतली नोंदही कंपनीच्या पत्त्यावर, आणि ग्राहकाचे नाव फक्त कंपनीच्या खासगी खातेवहीत. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोची माउंट गॉक्स ही कंपनी बुडाली तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे जाहीर झाले. त्यांतले सुमारे दोन लाख नंतर सापडले. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची कूटचलने चोरीला गेली आणि ग्राहकांना आपले पैसे काढता येईनात.

महाराष्ट्रातले आणखी एक प्रकरण शिक्षकांनी माहीत करून घ्यावे. 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेत दरमहा १० टक्के परतावा अठरा महिने देण्याचे आमिष होते. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी या प्रकरणी अटका केल्या, पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. इथे गणित मोडले नव्हते, बिटकॉइनची वही अभंग होती. लोकांनी आपली नाणी स्वतःच्या हाताने दुसऱ्यांच्या पत्त्यावर पाठवली होती. याच तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांना, आरोपींच्या वॉलेटमधील चलन परस्पर वळवल्याच्या आरोपावरून, २०२२ मध्ये अटक झाली. आरोपाचा निकाल न्यायालय देईल. पण जप्त केलेल्या मालाला लाखेची मोहोर लावून कोठडीत ठेवण्याची जुनी रीत इथे पुरी पडत नाही. किल्ली ज्याने पाहिली तो मालकासारखाच वागू शकतो, आणि पाहिल्याची खूण कुठेही उमटत नाही.

कायद्याची पावले

भारतीय रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये आभासी चलनांबाबत पहिला इशारा दिला. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना असे व्यवहार करणाऱ्यांना सेवा देण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतरावर १ टक्का मूळ कपात आणली. मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंज कंपन्या काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कूटचलन ही मालमत्ता आहे आणि ती दुसऱ्याने विश्वस्त म्हणून धारण करता येते, असे नमूद केले. म्हणजे गणिताने जी दाद बाहेर ठेवली होती, ती न्यायालयाच्या दाराने हळूहळू परत येत आहे. अर्थात ती माणसांपर्यंत आणि कंपन्यांपर्यंत पोचते, वहीपर्यंत नाही. न्यायाधीश कंपनीला हुकूम देऊ शकतात, ठशांच्या साखळीला नाही.

येथे एक फरक स्पष्ट करू. १ डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने सामान्यांसाठी प्रायोगिक स्वरूपात आणलेला डिजिटल रुपया हे कूटचलन नव्हे. तो रिझर्व्ह बँकेचाच रुपया आहे, कायदेशीर चलन आहे. बिटकॉइनला भारतात तो दर्जा नाही.

डोंगराच्या पायथ्याचा अनुभव

मालकीत दाद का हवी, याचे उत्तर मेळघाटातच आहे. कोरकू कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहिली. वापर त्यांचा होता, नोंद मात्र वनखात्याच्या नावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना दावा करण्याची वाट दिली. डोंगराच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने उजाड टेकड्यांवर झाडे वाढवली आणि सीताफळांची विक्री सुरू केली. हा हक्क ग्रामसभेचा आहे, एकट्या कोणाचा नाही, आणि या कायद्याने मिळालेले हक्क वारशाने पुढे जातात, पण विकता येत नाहीत.

या नोंदीला अनेक वर्षे लागली. दफ्तरांत खेटे घालावे लागले. पण जुनी नोंद अन्यायाची आहे असे म्हणून ती बदलून घेता आली, कारण ती माणसांनी लिहिली होती. जी वही कोणालाच बदलता येत नाही तिच्यात पहिली नोंद ज्याच्या नावे, त्याचेच राज्य चालते. तेव्हा 'मध्यस्थ नको' ही घोषणा ऐकताना मध्यस्थाने काय काय केले, वाईट आणि चांगलेही, याचा हिशेब मांडला पाहिजे.

सामूहिक मालकीची सोय कूटचलनातही आहे. तीन किल्ल्या तिघांकडे आणि त्यांतल्या दोन सह्या झाल्याशिवाय रक्कम हलणार नाही, अशी मांडणी करता येते. सरकारी खजिन्यातले दुहेरी कुलूप किंवा संस्थेच्या बँक खात्यावरच्या संयुक्त सह्या आपल्याला ठाऊक आहेतच.

वर्गासाठी

या विषयावर एक तास घ्यायचा असेल तर एकही रुपया आणि एकही फोन लागत नाही. वर्गातल्या प्रत्येकाला कोरी वही द्यावी. दहा काल्पनिक नाणी दोघांना वाटून घ्यावीत आणि प्रत्येक व्यवहार मोठ्याने जाहीर करून सर्वांनी आपापल्या वहीत लिहावा. मग एका मुलाला गुपचूप आपल्या वहीत खाडाखोड करायला सांगावे. बाकीच्या चाळीस वह्यांपुढे त्याची वही टिकत नाही, हे मुलांना लगेच कळते. त्यानंतर दुसऱ्याला दुसऱ्याची गुप्त खूण चोरून खरा वाटेल असा व्यवहार जाहीर करू द्यावा. आता चाळीसही वह्या एकमताने चोराच्या बाजूने लिहितील. या दुसऱ्या प्रयोगानंतर मुले जे प्रश्न विचारतील त्यांवर घाई न करता चर्चा करावी.

आणि कोणी पालक शाळेत येऊन विचारू लागला की कूटचलन घ्यावे का, तर सल्ला देण्याऐवजी त्याला चार प्रश्न विचारावेत. किल्ली कोणाकडे राहणार? ती हरवली तर पुढे काय? तुमच्या माघारी ती कोणाला सापडेल? आणि फसवणूक झाली तर तुम्ही कोणाच्या दारात जाणार? या चारांपैकी एकाचेही उत्तर 'ठाऊक नाही' असे आले, तर कापसाचे पैसे अजून बँकेतच असलेले बरे.